मोईजला खाली कुणी आणलं

ही घडलेली गोष्ट आहे, पदरचं काही घातलेलं नाही. ज्योतीराम म्हणजे माझ्या बहिणीचा दीर. कासारवाडीत राहतो, चाकणच्या कंपनीत जातो. त्याला मात्र विचारू नका. विषय बदलेल.

गेल्या ऑगस्टमधला रविवार. भर दुपार. देहूरोडच्या पुढचा डोंगर.

सुपरवायझर अर्जुनरावांनी आपल्या लाइनवरची सगळी पोरं ट्रेकला नेली होती. उतरताना धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसेना. वाटेचा नुसता चिखल-राडा झालेला. जो तो घसरत होता आणि पुढच्याला शिव्या घालत होता.

ज्योतीरामच्या मागं मोईज. एकाच मशीनवरचे जोडीदार. कातळापाशी मोईजचा पाय मुरगळला.

"भावा, हात दे जरा."

"तू ये हळूहळू. मी बस थांबवतो."

आणि ज्योतीराम सटकला. नवा लाइन लीडर नेमायचा होता ना. अशा दिवसांत माणसानं साहेबाच्या नजरेसमोरून हलू नये, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

बसमध्ये अर्जुनरावांनी हजेरी घेतली.

"मोईज?"

कंपनीत जोडीदाराला उशीर झाला की दुसऱ्यानं त्याच्या नावाला ओ द्यायची, ही लाइनची जुनी रीत. ज्योतीराम सवयीनं बोलून गेला...

"हाय."

बस हलली.

त्यानं तोंड उघडलं. पण आता खरं बोललं तर आपण खोटे ठरणार.

तोंड मिटलं.

देहूरोड स्टेशनला तो एकटाच उतरला आणि लोकलनं घरी गेला. रात्रभर मोईजचा फोन बंद होता.

सकाळी कंपनीच्या गेटवर...

मोईज उभा. लंगडत आला आणि सगळ्यांसमोर ज्योतीरामच्या गळ्यात पडला.

"हा होता म्हणून वाचलो राव. परत वर आला. हात धरून पार डांबरी रस्त्यावर आणलं मला."

अर्जुनरावांनी पाठ थोपटली. "म्हणून देहूरोडला गुपचूप उतरलास होय? बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून ओ दिलीस, आणि एकटा परत गेलास. लीडर असा पाहिजे."

ज्योतीराम गेटवर कार्ड दाखवून आत गेला.

जेवणाच्या सुट्टीत मोईज हळूच म्हणाला, "पण वाटभर एक शब्द बोलला नाहीस. आणि हात किती गार होता तुझा..."

"पाऊस होता."

"रस्ता लागल्यावर परत वर कशाला गेलास?"

ज्योतीरामचा घास हातातच राहिला.

"म्हणालास, अजून एक जण वर राहिलाय, त्याला घेऊन येतो. मी विचारलं, कोण?"

"मग?"

मोईज हसला. "पुरे चेष्टा. स्वतःचंच नाव सांगितलंस की."

...

ज्योतीराम लाइन लीडर झाला. मोईजला त्यानं अजून खरं सांगितलेलं नाही.

यंदाच्या ईदला मोईजच्या बायकोनं, शिफानं, शिरखुर्म्याचा डबा पाठवला. "भाईजानसाठी."

ज्योतीरामनं झाकणसुद्धा उघडलं नाही. खिडकीतून डोंगराच्या दिशेला बघत माझ्या बहिणीला म्हणाला,

"हा माझा नाही, वहिनी. ज्याचा आहे तो अजून वर मलाच शोधतोय."