अकरा नंबरचं टेबल

आठव्या आठवड्यात झाडांना नुसतं पाणी द्यायचं. खत बंद. पानं पिवळी पडू लागतात, तुरे जड होऊन वाकतात, आणि आत शिरलं की वास घशाला लागतो. या दिवसांत माझं मुख्य काम म्हणजे भिंगातून बघत राहणं. गांजाच्या तुऱ्यावर राळेचे बारीक दाणे असतात. आधी काचेसारखे, मग दुधाळ, शेवटी मधाच्या रंगाचे. दुधाळात थोडे मधाळ दिसले की कापणी.

मोखोत्लोंगच्या डोंगरात आमची कंपनी औषधासाठी परवान्यावर गांजा पिकवते. बाहेर बर्फ असतो, आत बारा तास दिवे, बारा तास अंधार. तीन नंबरच्या खोलीतली रात्र दुपारी बाराला सुरू होते. त्या खोलीची देखरेख माझ्याकडे.

अकरा नंबरचं टेबल मे माथाकानेचं. थोरल्या बाईला आम्ही मे म्हणतो, बाप्याला न्ताते. वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. ही कापणी झाली की तिला घरी बसवायचं ठरलं होतं. तिची मुलगी थाकाने आमच्याच पॅकिंगमध्ये होती. जेवणाच्या सुट्टीत दोघी भिंतीला टेकून एकाच डब्यातून मक्याचा घट्ट पापा आणि पालेभाजी खायच्या.

"घरी बसून काय करू, मापालेसा?" ती झाडांवरून हात फिरवत मला म्हणाली. "कोंबड्यांशी भांडू? या माझ्या बाया पिकूच नयेत असं वाटतं."

"मग सांगून बघ की त्यांना," मी म्हटलं. दोघी हसलो.

मंगळवारी तिच्या टेबलावर मधाळ दाणे दिसले. मी वहीत लिहिलं. गुरुवारी सगळे दुधाळ होते. रविवारी काचेसारखे.

भिंग बदललं. दांड्यांना चिकटपट्टी लावून माझ्या अक्षरात तारखा घातल्या. चिकटपट्ट्या जागेवर राहिल्या. पिवळी पानं मात्र हिरवी झाली, तुऱ्यांवरचे तपकिरी केस पुन्हा पांढरे झाले. आमचे व्यवस्थापक न्ताते मोखेले येऊन बराच वेळ वाकून बघत राहिले.

"टेबलांची अदलाबदल केलीत तुम्ही."

"जमिनीत बोल्ट मारलेल्या टेबलांची?"

"मग कुठून तरी उजेड शिरतोय. अंधारात उजेड लागला की झाड बिथरतं."

म्हणून दुपारी बाराला दार लावून मी आत बसले. तासभर. उजेडाची रेघसुद्धा नव्हती. पंख्यांचा आवाज होता आणि अकरा नंबरच्या बाजूने आणखी एक, अगदी हलका. विणलेला स्वेटर उसवताना होतो तसा.

त्या आठवड्यात मे माथाकाने शिडीवर कशालाही न धरता चढली. वरून माझ्याकडे बघून हसली. तिचे समोरचे दोन दात कित्येक वर्षांपूर्वी पडले होते. आता ते होते.

बुधवारी मी तिला हाक मारली. तिने मान वळवली नाही. तिसऱ्यांदा जवळ जाऊन हाक मारली.

"मला म्हणतेस? मी पोंत्शो."

ते तिचं माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडे नवरीला होणाऱ्या लेकराची आई म्हणून नवं नाव देतात; माथाकाने म्हणजे थाकानेची आई. ते नाव तिला ओळखीचंच वाटत नव्हतं.

दुपारी थाकाने भिंतीपाशी एकटीच बसलेली दिसली. डबा उघडला नव्हता.

"आई मला म्हणाली, ताई, जरा सरकतेस का." तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "मापालेसा, ते टेबल कापून टाक."

"अजून कच्चं आहे ते. न्ताते मोखेलेंना विचारावं लागेल."

तिने मान हलवली. मी तेव्हाच उठायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी थाकानेच्या खुंटीवर भलत्याच बाईचा एप्रन होता.

"थाकाने कुठंय?" मी पॅकिंगमध्ये विचारलं.

"कोण थाकाने?"

मी तशीच तीन नंबरमध्ये गेले. अकरा नंबरवर झाडं आता वीतभर उरली होती. तुरा एकालाही नव्हता. मी बाराही झाडं बुंध्यातून कापली. पोंत्शो शेजारी उभी राहून बघत होती.

"का कापतेस? लहान आहेत गं."

मी कापलेली झाडं गोणीत भरली.

सकाळी ती भिंत धरून, लंगडत आली. मे माथाकानेच होती. तोंडात पुढचे दात नव्हते.

"थाकाने आधी आली का गं? काल घरी आलीच नाही."

मी तिचा हात धरून ठेवला. न्ताते मोखेलेंनी मला बाजूला घेतलं.

"तिला बरं नाही दिसत. मूल कुठे झालं तिला?"

"मग हे नाव?"

"नाव काय, लग्नात सगळ्यांनाच मिळतं."

त्या संध्याकाळी अंघोळ करताना साबणाचा हात ओटीपोटावर थांबला. माझी लेक पालेसा पोट कापून झाली, तेव्हाच्या टाक्यांची रेघ तिथे नव्हती. कातडी गुळगुळीत होती. त्या खोलीच्या अंधारात तासभर मीही बसले होते.

पालेसा बाहेर अभ्यास करत होती. मी दाराआडून हाक मारली.

ओ आली. जरा उशिरा आली. आणि त्यापुढे ती रोज 'आई' म्हणते, ते म्हणाली नाही.