प्रतिवकिलाची शिकवणी

"एवढं सावकाश कशाला बोलतेय ही? मी मेली कधी इतकं सावकाश बोलले?"

यामिनी घोरपडे स्वतःशीच पुटपुटली, पण बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या सुलभाताईंना ते ऐकू गेलंच. जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीवरच्या पडद्यावर आतलं कामकाज दिसत होतं. आत यामिनीचाच युक्तिवाद चालू होता, यामिनीच्याच आवाजात. यामिनी तेवढी बाहेर होती.

चार वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि तिनं रजा घेतली. पूर्वी अशी बाई वकिली सोडायची, तिचे पक्षकार चार दिशांना पांगायचे आणि परत आलीच तर तिला ज्युनियरच्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागायची. आता तसं होत नसे. आता तिच्या जागी तिचा प्रतिवकील उभा राहायचा. बायका त्याला सरळ 'ती' म्हणत.

प्रतिवकील म्हणजे चालताबोलता यंत्रमानव नव्हे. वकिलाची दहा-पंधरा वर्षांची भाषणं, अर्ज, उलटतपासण्या यंत्राला द्यायच्या. कायदा काय, कुठल्याही यंत्राला पाठ असतो. हे यंत्र शिकतं ती निवड. कुठला मुद्दा ही बाई आधी मांडते, कुठला गिळते, साक्षीदार रडायला लागला की पुढचा प्रश्न टाकते की त्याला पाणी मागवते. तेवढं कळलं, की नव्या प्रकरणात ती काय करील ते यंत्र तिच्याआधी करून मोकळं होतं.

परत यायचं तर तुलना-चाचणी द्यावी लागे. एकच प्रकरण दोघींनी पडद्याआडून मांडायचं, आणि दोन न्यायाधीशांनी, कोण कुठली ते न कळता, गुण द्यायचे. बाई प्रतिवकिलाइतकी उतरली तर तिची जागा तिला परत. संधी तीन. तिसरीही हुकली तर वकिलीची सनद कायमची प्रतिवकिलाच्या नावे. यामिनीच्या दोन हुकल्या होत्या. तिसरी येत्या सोमवारी होती.

सुलभा काळसेकर तिच्या पुनरागमन-मार्गदर्शक. हुद्दा भारदस्त, काम काय, तर चार वर्षं घरात 'अहो, जरा ऐकता का' म्हणायची सवय लागलेल्या बाईला पुन्हा 'माझा आक्षेप आहे' म्हणायला लावायचं. आवाजावरचा गंज काढायचा, नवे निवाडे वाचून घ्यायचे आणि सासऱ्यांना शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्याची टोचणी चहाबरोबर गिळायला शिकवायची. त्या स्वतः तीन चाचण्या हरल्या होत्या. तीन नंबरच्या कोर्टात त्यांची 'ती' अजून उभी असते. त्या दारावरून जाताना सुलभाताईंना हटकून पर्समध्ये काहीतरी शोधायचं असतं.

"आणि हे बघा ताई," यामिनी म्हणाली, "प्रश्न विचारून तीन श्वास थांबली. हे तर तुम्ही मला मंगळवारी शिकवलंत."

सुलभाताई म्हणाल्या, चल, चहा घेऊ.

दुसऱ्या दिवशी त्या डॉ. अन्वर मोमिनांकडे गेल्या. प्रतिवकील ही त्यांचीच निर्मिती. मनुष्य सज्जन, म्हणून अवघड. भांडायला जावं तर आधी खुर्ची पुसून देणारा. मंगळवारची शिकवणी तिच्याकडे कशी गेली, असं ताईंनी विचारलं. डॉक्टरांनी आधी चहा मागवला. मग हळूच म्हणाले, कलम चार.

प्रतिवकिलाच्या नियमांतलं ते कलम ताईंना पाठ होतं. रजेवरच्या बाईनं जिथं जिथं वकिलीचा सराव केला असेल, तो सगळा तिच्या प्रतिवकिलाला मिळत राहील. तेरा वर्षांपूर्वी महिला वकिलांच्या समितीनं हट्टानं घालून घेतलेलं कलम. पुरुषांना ते सुचलंही नसतं. आपण घरी बसणार, तर आपल्या पक्षकारांना शिळं वाढलं जाऊ नये, एवढीच काळजी. दुसऱ्याची चूल विझू नये म्हणून आपल्याच घराचं दार सरपणाला दिलं होतं त्या शहाण्या बायकांनी. मसुदा सुलभाताईंच्या हातचा. त्या वेळी सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं.

"मी शिकवलेलं तिला उमगायला वेळ किती लागतो?"

"यामिनीबाईंना तीन आठवडे लागत असतील. तिला तासभर."

"म्हणजे यामिनी जेवढी सुधारेल..."

"तेवढी तीही. विरजणासारखं आहे ताई. एक चमचा लागलं की नवं दूध तुम्ही ओतत राहायचं, ते दही करत राहतं. शिवाय तिला कुणाची कूस बदलायला उठावं लागत नाही."

ताईंनी ते बंद करायला सांगितलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, त्याला सगळ्या पक्षकारांची संमती लागते. मागे एका बाईंसाठी त्यांनी ती मागूनही पाहिली होती. एकूण एक माणूस म्हणाला होता, बाई फार चांगल्या आहेत हो, पण आमचं काम बिघडायला नको. मग सराव थांबवला तर, असं ताईंनी विचारलं. आणि उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं. मग यामिनी चार वर्षांचा गंज घेऊन उभी राहील.

"ताई, आकडा तुम्हाला ठाऊक आहे," डॉक्टर चहाच्या कपात बघत म्हणाले.

"आकडा राहू द्या," ताई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांच्या अहवालात त्या आकड्याच्या रकान्यात दर वर्षी 'प्रक्रिया चालू' असं लिहिलेलं असे.

उरलेले दिवस त्यांनी यामिनीला शिकवलं. न शिकवून करणार काय? मुलगी इतकी मन लावून शिकत होती की एखाद्या वेळी ताईच विसरून जात, आणि मग यामिनीच्या कोटाच्या कॉलरवर तिचा सराव टिपणाऱ्या नोंदयंत्राचा हिरवा ठिपका दिसला की वाक्य अर्ध्यात सोडत. यामिनीला वाटे, ताई थकल्या.

सोमवारी सकाळी यामिनी नवा काळा कोट घालून आली. सासऱ्यांना कसंबसं कळलं होतं म्हणे. त्यांनी चांगला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला होता. सांगताना हसली, मग नाक पुसलं. चाचणीच्या खोलीबाहेर तिनं पहिलं वाक्य तोंडातल्या तोंडात चारदा म्हटलं. हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"मान ताठ ठेव," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता बोलू नकोस. गप्प बस जरा."

यामिनीला ते प्रेमाचं वाटलं. थोड्या वेळानं मात्र तिनं पुन्हा तेच काढलं, जे गेल्या आठवड्यात तीनदा काढलं होतं. तुमच्याकडे शिकून परत गेलेल्या एखादीचा नंबर द्या ना ताई. दोन मिनिटं बोलले तर धीर येईल. मागच्या वेळी ताईंचा फोन घरी राहिला होता. त्याआधी जिचा नंबर द्यायचा त्या बाईच गावाला गेल्या होत्या.

आज फोन ताईंच्या हातातच होता. शिपायानं दार उघडून पुकारलं, "ॲडव्होकेट यामिनी घोरपडे." यामिनी उठली, कोटाची बटणं चाचपली आणि हात पुढे करून थांबली.

"कुणाचाही चालेल," ती म्हणाली.

"कुणी नाही गं," सुलभाताई म्हणाल्या. "मला धरून त्रेसष्ट जणी झाल्या. एकही परत गेलेली नाही. तुला शिकवलं ते सगळं तिलाच मिळालंय, आणि ते होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."