दातखडप आणि हरवलेला पिवळा बोया

"दहा म्हणजे दहा! पोलीस काय आपल्यासाठी थांबणारेत?" संस्कृती पाखाडीच्या पायऱ्या दोन-दोन उतरत ओरडली.

"हळू बोल गो! सगळ्या वाडीला उठवतेस काय?" मृणालीने तिला दटावलं. "आणि पोलिसांचं सोड, भरती थांबणार नाय. ते बघ आधी."

तिसरा होता ऋत्विक, मृणालीचा आतेभाऊ. तो लोट्याहून दिवाळीच्या सुट्टीला आला होता आणि इतक्या पहाटे उठवल्याबद्दल अजून धुसफुसत होता. त्याने खिशातून मोबाइल काढला. "थांबा, भरतीची वेळ बघतो. छे! रेंजच नाही!"

"रेंज कशाला हवी? आज तिथी कुठली?" मृणालीने विचारलं.

"काल भाऊबीज होती. म्हणजे आज तृतीया."

"तिनाची पाऊणपट किती?"

ऋत्विकने डोकं खाजवलं. सुट्टीतसुद्धा गणित! "सव्वादोन."

"म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. नऊच्या आत आपण कड्याखालच्या घळीतून बाहेर पडायचं. नायतर दुपारपर्यंत तिथेच बसा माशा मारत!"

तांबळखोलमधल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे गणित येत होतं. पण मृणालीचं लक्ष आज गणितात नव्हतं.

झालं होतं ते असं. समुद्रात लांबवर पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि त्यांची वीज जाड तारेतून तांबळखोलच्या किनाऱ्यावर आणायची, अशी एका कंपनीची योजना होती. त्यासाठी लाटा आणि प्रवाह मोजायला कंपनीने खाडीच्या तोंडासमोर एक पिवळाधमक बोया नांगरला होता. बोया म्हणजे पिंपाएवढा तरंगता गोळा, त्यात यंत्रं. त्या बोयावरून गावाचे सरळ दोन तट पडले होते. काही म्हणत, इथेच काम मिळालं तर पोरांना मुंबईला जावं लागणार नाही. काही म्हणत, तारेत जाळी अडकून फाटली तर खायचं काय? मृणालीचे बाबा, विनोद तांडेल, दुसऱ्या तटात. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, त्यांचा आवाजही तसाच खणखणीत. ग्रामसभेत ते तावातावाने उठले आणि म्हणाले, "ते पिवळं पिंप माझ्या वाटेत आलं तर सुरी लावीन सुरी!"

आणि पाडव्याच्या सकाळी बोया गायब! दिवाळीची रात्र जागवून अख्खी वाडी झोपलेली असताना एकच होडी समुद्रात गेली होती. बाबांची.

मग काय! कंपनीचे इंजिनियर देशमाने यांनी तक्रार केली. आज दहा वाजता पोलिसांची जीप बाबांना ठाण्यात न्यायला येणार होती. गुन्हा नोंदला गेला तर होडीचा परवानाही जायचा, असं काल रात्री आई म्हणाली होती.

"मामा असं करणारच नाहीत!" ऋत्विक ठामपणे म्हणाला.

मृणाली भराभर पुढे चालू लागली. कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. बोया गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा चहा पीत होते. कपाच्या आडून ते हसले होते. फार नाही, अगदी थोडंसं. पण तिने ते पाहिलं होतं.

कड्यावरची पायवाट उन्हाने नुकती उजळत होती. खाली समुद्र लांब मागे हटला होता.

"पण बोया घळीतच असेल कशावरून?" ऋत्विकने धापा टाकत विचारलं. "कंपनीची बोट तर भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत शोधून आली म्हणे."

दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

"शप्पथ घे, कुणाला सांगणार नाहीस," संस्कृती म्हणाली. "नारळी पौर्णिमेला गाव समुद्राला नारळ देतं ना? खाडीच्या तोंडाशीच सोडतात. ते सगळे वाहत वाहत घळीत येऊन पडतात. आम्ही दर वर्षी जाऊन…"

"काय? देवाचे नारळ खाता?"

"समुद्राने परत दिले तर काय करायचं?" संस्कृती फणकारली. "गोड लागतात हो!"

"बोटवाल्यांनी वाऱ्याची दिशा बघून शोधलं," मृणाली म्हणाली. "पण बोया पाण्यावर दिसतो त्याच्या दुप्पट पाण्याखाली असतो. तो वाऱ्याबरोबर कशाला जाईल? प्रवाहाबरोबरच जाणार. नारळासारखा."

"मग हे मोठ्यांना का नाही सांगितलं?"

"नारळांचं कळलं तर पाठ सोलून निघेल म्हणून!" संस्कृतीने पटकन सांगून टाकलं.

मृणालीचं कारण वेगळं होतं. बोया सापडला आणि त्याचा दोर सुरीने कापलेला निघाला तर? सगळ्या गावादेखत? त्यापेक्षा आधी आपण बघावं. नंतर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"तो काय काळा दगड?" ऋत्विक मध्येच थांबला. "काल दुपारी मी इथेच बसलो होतो, तेव्हा नव्हता!"

खाडीच्या समोर पाण्यातून काळ्या खडकांची एक ओळ वर आली होती. तिच्यावर पांढरा फेस फुटत होता.

"ती दातखडप. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप ओसरतं, तेव्हाच तिचे दात दिसतात. चल लवकर!"

घळीत उतरायची वाट कसली, नुसते शेवाळलेले दगड! संस्कृतीची एक चप्पल दगडांच्या फटीत गेली ती गेलीच. ऋत्विक दोनदा आपटला. "आमचं लोटं बरं!" तो कण्हत म्हणाला. "कारखान्यांचा वास येतो, पण जमीन तरी सपाट आहे!"

"मग जा की परत, वास घेत बस!"

"म्हणूनच म्हणतो, पवनचक्क्या आल्या तर काय बिघडलं? त्यांना वास नसतो!"

"वास नसतो, पण तार असते! आमची जाळी कुठे टाकायची? तुझ्या डोक्यावर?"

"भांडू नका!" मृणाली किंचाळली.

दोघंही चमकून वळली. कारण तिचा आवाज रडवेला होता आणि तिचं बोट समोर रोखलेलं होतं. घळीच्या टोकाला, दोन खडकांमध्ये तिरका अडकलेला, पिवळाधमक बोया! त्याच्या डोक्यावरची, ठिकाण कळवणारी काडी मोडून लोंबत होती.

"म्हणूनच त्याचा ठावठिकाणा कंपनीला कळला नाही!" ऋत्विक नाचायला लागला. "सापडला! आपण हिरो!"

मृणाली नाचली नाही. ती गुडघाभर पाण्यात शिरली. बोयाच्या पोटाखालून मनगटाएवढा दोर निघाला होता आणि त्याचं टोक वाळूत रुतलं होतं. तिने ते ओढायला घेतलं. एक हात, दोन हात, तीन हात. शेवटी टोक वर आलं, तेव्हा तिने क्षणभर डोळेच मिटले.

"अगो, बघ तरी!" संस्कृती ओरडली.

दोराचं टोक पिंजारलं होतं. एक पीळ लांब, एक आखूड, एक नुसता भुस्सा. सुरीने कापलेला दोर सगळा एका रेषेत तुटतो, हे तांडेलाच्या मुलीला कुणी शिकवायला नको. आणि पिळांमध्ये पांढरे, धारदार तुकडे अडकले होते. तिने एक उपटला. कालवाच्या शिंपीचा तुकडा!

"कालवं खडकावर असतात," ती हळूच म्हणाली. "दातखडपीवर तर गच्च! दोर तिच्यावर घासत राहिला. घासून तुटला! बाबांनी कापला नाही!"

आणि ती तिथेच, पाण्यात उभी राहून, हमसाहमशी रडली.

ऋत्विकने खिशातून छोटा चाकू काढला. "एवढंच टोक कापून नेऊ पुरावा म्हणून!"

"चाकू आत ठेव!" मृणाली डोळे पुसत गरजली. "त्याला सुरी लागली तर आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? फोटो काढ. दहा काढ, वीस काढ!"

फोटो काढता काढता वेळेचं भान राहिलं नाही. एक लाट ऋत्विकच्या कमरेपर्यंत आली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. सव्वानऊ! ज्या दगडांवरून आले त्यातले निम्मे बुडाले होते.

"हात धरा! कुणी सोडायचा नाय!" मृणाली पुढे झाली. दोन लाटांच्या मधे पळायचं, लाट आली की खडकाला चिकटायचं. ऋत्विकने मोबाइल दातांत धरला होता, त्यामुळे त्याला ओरडताही येईना. एकदा संस्कृतीचा पाय सुटला आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली. दोघांनी तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. वर पायवाटेवर पोचल्यावर तिघंही पाच मिनिटं नुसती पडून होती.

आणि पडल्या पडल्या मृणालीच्या मनात एक नवाच विचार आला. बोया बरोबर दातखडपीजवळ नांगरला होता. ती खडप तर वाडीतल्या प्रत्येक तांडेलाला पाठ आहे. मग बाबांना हे आधीच ठाऊक होतं…?

आणि ते कपाआडचं हसू? तिने दोघांना उठवलं आणि तिघं धक्क्याकडे पळत सुटली.

धक्क्यावर ही गर्दी! पोलिसांची जीप उभी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जीपकडे निघाले होते आणि आई पदराने डोळे टिपत होती. मृणाली धावत जाऊन जीपच्या पुढ्यातच उभी राहिली.

"थांबा! बोया सापडला! दोर कापलेला नाय!"

एकच गलका झाला. सरपंच कमळाताईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या योजनेच्या बाजूच्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी फोटो पाहिले आणि देशमान्यांच्या हातात मोबाइल दिला.

"फोटोवरून काय कळणार?" देशमाने म्हणाले.

"मग बोयाच आणा की! साहेब, जरा दम धरा, तासाभराने काय बिघडतं?" त्या हवालदारांना म्हणाल्या. हवालदारांनी मान डोलावली. मग त्या मुलांकडे वळल्या. "पण काय गो, घळीतच असेल हे तुम्हाला कसं सुचलं?"

तिघं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी संस्कृतीने डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "नारळीपौर्णिमेचेनारळतिथेचयेतातआम्हीखातो!"

म्हातारे लवूआजोबा काठी आपटत पुढे आले. आता पाठीत काठी बसणार, असं वाटलं. पण ते गालात हसत होते. "आमीबी खाल्ले हुते," ते म्हणाले. "चला, होडी काढा!"

अकराच्या सुमाराला बोया धक्क्याला लागला. दोराचं टोक सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. हवालदारांनी शिंपीचे तुकडे कागदात बांधून घेतले. देशमान्यांचा चेहरा पडला होता.

"आमच्या नकाशात तिथे खडक नाही. आम्ही मुद्दाम दोन दिवस पाणी मोजून पाहिलं होतं…"

"कुठल्या तिथीला?" मृणालीने विचारलं.

"तिथी? तारीख सांगतो. दिवाळीच्या आधी साधारण आठवडाभर."

"म्हणजे अष्टमी! अष्टमीला भांग असते. पाणी फारसं चढत नाय, उतरत नाय. दातखडप दिसणारच नाय! पाडव्याला उधाणाची ओहोटी लागली, तेव्हा ती वर आली."

"गावात कुणाला विचारलंत?" कमळाताईंचा आवाज चढला. "मी योजनेच्या बाजूने भांडते आणि तुम्ही साधं विचारायलाही येत नाही?"

देशमान्यांनी मान खाली घातली. तक्रार मागे घेतो, असं ते हवालदारांना म्हणाले. वाडीतल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ऋत्विकला खांद्यावर घेतलं. आईने मृणालीला जवळ ओढलं. सगळं छान झालं होतं. आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं!

पण मृणालीच्या मनातला तो प्रश्न काही जाईना. ती आईच्या हातातून सुटली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, ते नांगर टाकत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

टाळ्या थांबल्या. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बोयाकडे.

"तिथंच हुतो," ते म्हणाले. "पन्नास हातांवर. जाळी काढत हुतो. दिसत हुतं मला, खडपीवर टाकतायत. एक हाक मारली असती तरी झालं असतं." त्यांनी बोयावर हात ठेवला. "म्हटलं, मला इचारत नायत, मी कशाला सांगू? तुटू दे. तुटला तेव्हा हसलो पण. सुरी मी लावली नाय, साहेब. पण चूक झाली माझी."

देशमाने थोडा वेळ दोर चाचपत राहिले. मग त्यांनी पिशवीतून मोठा नकाशा काढला आणि धक्क्यावरच पसरला. वारा उडवायला लागला तेव्हा चार माणसं चार कोपऱ्यांवर बसली. त्यातली दोन योजनेच्या बाजूची होती, दोन विरोधातली.

"आता विचारतो," देशमाने म्हणाले. "कुठे काय आहे?"

"सांगेन. पण जाळी कुठं पडतात तेबी यावर लिवायचं. आनि तिथून तार न्यायची नाय. ती कबुली आधी."

"आधी लिहू तर. मग त्यावर सगळ्यांनी बसून बोलू. कंपनीच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार मला नाही, पण हा नकाशा मी वरपर्यंत नेईन."

"हां," बाबा म्हणाले. "खोटं बोललात नाय ते बरं."

लवूआजोबा काठीनेच नकाशावर बोट ठेवल्यासारखं करून खडकांची नावं सांगू लागले. कमळाताई म्हणाल्या, "कागदपत्रं सोडा, आधी या पोरांना काहीतरी खायला घाला! अख्ख्या कंपनीला जमलं नाही ते यांनी एका ओहोटीत केलं." संस्कृतीला आपल्या गुडघ्याची तेव्हा कुठे आठवण झाली आणि ती मोठ्याने कण्हू लागली.

बाबांनी पेन्सिल मृणालीपुढे धरली. "तू लिव. माझं अक्षर तुला म्हायतच हाय."

ती नकाशावर ओणवी झाली. निळ्या कोऱ्या जागेवर तिने 'दातखडप' असं लिहिलं, तेव्हा बाबा तिच्या शेजारी उकिडवे बसले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "मला सोडवलंस ते चांगलं केलंस. पण नंतर इचारलंस ना, सगळ्यांदेखत? ते त्याहून चांगलं केलंस."