काटा आठशेवर

मिस्त्रीचा कान तयार होता. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. म्हणूनच धाकट्या बहिणीची जुनी गाडी आठवडा होत आला तरी गॅरेजच्या अंगणात उभी होती, याची त्याला लाज वाटत होती.

तक्रार तशी साधी. गाडी धावताना ठीक चाले, पण सिग्नलला थांबली की इंजिन कधी धापा टाकी, कधी उगीचच उसळी घेई. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर राहायला हवा, तो पाचशेवर पडे आणि तिथून थेट पंधराशेवर जाई. मिस्त्रीने प्लग बदलले, थ्रॉटलची काजळी पुसली, हवेच्या नळ्या एकेक करून तपासल्या. एकही फाटलेली नव्हती. दुखणं जिथल्या तिथे.

सहाव्या दिवशी भर दुपारी गाडी सावलीत घ्यायची म्हणून तो ती वळवत होता. अर्ध्या वळणावर थांबला, तर इंजिन एकदम शांत. बंदच पडलं असं त्याला वाटलं. पण काटा आठशेवर होता, खिळा ठोकावा तसा. त्याने गाडीचं तोंड जरा डावीकडे नेलं... थरथर सुरू. परत आणलं... शांत. चार वेळा करून पाहिलं. नाक गॅरेजमागच्या माळाकडे असलं तरच गाडी सुखात होती.

माळापलीकडे काही नव्हतं. दगडाची एक बंद खाण होती फक्त, पाण्याने भरलेली.

तापलेल्या ऑइलच्या वासात मिस्त्रीला ओल्या शेवाळाचा वास आला.

संध्याकाळी बहीण आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती हसली. "दादा, आता गाडीला दिशाही कळायला लागली का?"

"हसू नकोस. ठेव इथेच."

"उद्या ह्यांचं डायलिसिस आहे. खांद्यावर टाकून नेऊ?"

"मी सोडतो सकाळी."

"तुझ्या स्कूटरवर? त्यांना धड बसवतही नाही रे."

त्याने किल्ली पुढे केली. ती गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. डायलिसिस आटोपून दोघं घरी निघाली होती. आवाजात कौतुक होतं. "दादा, गाडी काय मस्त झालीय. जरासुद्धा हादरत नाही."

मिस्त्रीने फोन कानाशी दाबला. मागे इंजिन ऐकू येत होतं. आठशे. अगदी एकसारखं.

"तू थांबलीयेस ना कुठेतरी?"

"नाही रे, चाललोय की. झाडं भराभर मागे जातायत."

"हा आवाज उभ्या गाडीचा आहे. भावोजींना दे फोन."

"झोपलेत ते..." मग तिचा आवाज खाली आला. "दादा... हा आपला रस्ता नाही."

"ब्रेक दाब."

"दाबलाय. मघापासून दाबलाय..."

त्यानंतर फक्त इंजिन. त्याने तिला हाका मारल्या, फोन तसाच खिशात ठेवला आणि स्कूटर माळावरून हाणली. खाणीच्या काठावर चाकाची एक खूण नव्हती. पाणी काचेसारखं स्थिर. खिशातून मात्र तोच आवाज येत होता, न दमता, न चुकता. एवढं निरोगी इंजिन त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते बंद करायला त्याच्या हाती किल्ली नव्हती.

पोलिसांनी चार दिवस पंप लावून खाण उपसली. तळाला चिखल होता, दगड होते. गाडी नव्हती.

तो कॉल मिस्त्रीने अजून कापलेला नाही. फोन कायम चार्जरला लावून उशाशी असतो. असा कुठला कॉल चालूच नाही, असं फोन कंपनीवाले सांगतात. त्यांच्याशी तो वाद घालत नाही. अधूनमधून फोन तोंडाशी धरून बहिणीला हाक मारतो आणि थांबतो.

गाडीत दोनच माणसं होती, बहीण आणि मेव्हणे. काल दुपारी इंजिनाच्या आवाजाआड एक दार लागल्याचा आवाज आला. मग दुसरं लागलं.

मिस्त्रीने फोन कानाशी नेला.

मग तिसरं.