कानापलीकडचा आवाज

रेकॉर्डिस्टकडे त्याची मेहुणी त्या दुपारी आली ती अगदी साध्या कामासाठी. गेलेल्या बहिणीच्या आठवणीत घरच्या घरी गाण्याची बैठक व्हायची होती आणि ताईचं शेवटचं गाणं तिला स्वतः गायचं होतं. त्यातली एक हरकत काही केल्या गळ्यावर चढत नव्हती.

रेकॉर्डिस्टनं मागच्या खोलीचं दार उघडलं. बायको गेल्यापासून तो इथे फारसा बसत नसे. भिंतींना जाड स्पंज, कोंदट वास, आणि काचेपलीकडे तिचा माइक, अजून तिच्याच उंचीला लावलेला. तो खाली-वर करायला त्याचा हात धजला नव्हता.

"भावोजी, हे गाणं माझ्या फोनवर आहे. मग ही फाइल एवढी मोठी कशी?"

"फोनमधल्या गाण्यात आवाज सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजलेला असतो. माणसाच्या कानाला तेवढं पुरतं. हे त्याच्या चौपटीहून जास्त वेळा मोजलंय. कानाला ऐकू येत नाहीत इतके वरचे आवाजसुद्धा यात उतरतात."

"ऐकूच येत नाही, ते ठेवायचं कशाला?"

"तुझी ताईही हेच म्हणायची. ऐकणार कोण, वटवाघळं?" तो हसला, पण हसू ओठांवरच विरलं. "जुन्या टेपसारखं संथ केलं, की सगळे आवाज खाली उतरतात. वरचेही."

त्यानं गाणं संथ केलं. खूपच संथ. ओळखीचा आवाज खोल, जड झाला. हरकतीचा एकेक स्वर सुटा होऊन आला आणि मेहुणी तो हळूच गुणगुणू लागली. मग दोन ओळींमधली श्वासभराची जागा आली. एरवी तिथे काहीच नसायचं. आता ती जागा लांबत गेली, आणि त्यात कुणीतरी कुजबुजलं.

"अहो..."

मेहुणीचं गुणगुणणं थांबलं.

"अहो... ऐकू येतंय का?"

बाकी गाणं राक्षसाच्या घशातून आल्यासारखं घोगरं, आणि ही कुजबुज मात्र तिच्या रोजच्या बोलण्याच्या चालीतली. रेकॉर्डिंगच्या वेळी तो काचेसमोरच बसला होता. ती गाण्याशिवाय एक अक्षर बोलली नव्हती. त्यानं फोनमधली फाइल लावली, तीही तितकीच संथ केली. तिथे ती जागा कोरडी ठाक होती.

दवाखान्यात शेवटी तिचे ओठ हलत राहिले होते. त्यानं कान पार तोंडाशी नेला होता, तरी काही कळलं नव्हतं. ती काय म्हणत होती, हे विचारायला नंतर कुणी उरलंच नाही.

"बंद करा ना," मेहुणी म्हणाली.

त्यानं बंद केलं. मग काचेपलीकडचा माइक सुरू केला, तसाच, रिकाम्या खोलीत.

"भावोजी, काय करताय?"

त्यानं तिला हातानंच गप्प केलं. दोघं श्वास रोखून बसली. काचेपलीकडे चिटपाखरू नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ होती. थोड्या वेळानं त्यानं ते रेकॉर्डिंग संथ करून लावलं.

आधी नुसती खरखर. मग, अगदी माइकजवळून...

"किती हाका मारू हो... एकटं वाटतंय..."

त्यानं डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. इतके महिने ती इथेच होती, आणि तो शेजारच्या खोलीत फोनवर तिचं गाणं ऐकत बसला होता.

"ताई..." मेहुणीच्या तोंडून कसंबसं निघालं.

खरखर पुन्हा सुरू झाली. आणि त्या खरखरीतून दुसरी एक कुजबुज आली. पुरुषाची.

मेहुणीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "भावोजी... हा तुमचा आवाज आहे."

"मी... मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"मला माहीत आहे. मी तुमच्याकडेच बघत होते."

स्पीकरमधून तो आवाज शांतपणे, समजूत घालावी तसा पुढे बोलत होता.

"आलोच गं... आता थोडंच राहिलंय."