चिमणीची चाचणी

“माझी मुलगी उद्या घरी जायची होती. आता कोठडीत जाईल,” अडलेली प्रकरणं सोडवणाऱ्या वहिनींच्या घरी आलेल्या समुपदेशक बाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलल्या.

मुलगी पोटची नव्हे. झोपेच्या गोळ्यांपायी चोरी केलेली सतरा वर्षांची पोर, न्यायालयाने व्यसनमुक्ती केंद्रात धाडलेली. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. सुटकेआधी तिची लघवी तपासायला गेली आणि आज दुपारी निकाल आला: गोळी सापडली.

“पूर्वी अशा मुलीला आणखी काही महिने आमच्याकडेच ठेवायचे. आता नवे न्यायाधीश थेट बंदिस्त सुधारगृहात पाठवतात. पण हिनं गोळी घेतलेली नाही, पैजेवर सांगते!”

“पैजेवर सांगायला काय जातं?” भाऊजी पुटपुटले. हे वहिनींचे धाकटे दीर आणि तपासातले जोडीदार; मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश. वहिनींनी तोवर चपला घातल्या होत्या.

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ म्हणाला, “गोळी भरपूर आहे. एरवी शरीरातून जाताना औषधाचं रूप बदलतं, इथे ते जसंच्या तसं दिसलं. पण आम्ही फक्त हो की नाही एवढंच कळवतो.”

“म्हणजे हो!” भाऊजी निकाल लावून मोकळे झाले.

केंद्रातली परिचारिका जरा घुश्शातच होती. “मुलगी आत एकटी जाते, मी दाराशी पाठ करून उभी. पोरींना लाज असते हो. पण बाहेर आली की बाटली तिच्यासमोर सीलबंद करते आणि पेटीला कुलूप.”

“झोपेच्या गोळ्या इथे कुणाला देता?”

“चिमणीच्या खोलीतल्या नव्या पोरीला. माझ्यासमोर गिळते ती.”

“गिळते कसली!” पहारेकरीण हसली. “रात्रभर टक्क जागी असते. चिमणी तिला थोपटत बसते.”

“चिमणीचं घरचं कुणी येतं?”

“थोरला भाऊ. गोळ्या विकतो मेला, त्यानेच हिला नादी लावलं. महिनाभर फिरकला नाही, पण उद्या न्यायला येणार होता.”

मागच्या दोरीवर चिमणीचे झाडून सगळे कपडे वाळत होते. ते तिने सकाळीच भिजवल्याचं पहारेकरणीने सांगितलं. भाऊजींना पोर टापटीप वाटली.

वहिनींनी सगळ्यांना समुपदेशक बाईंच्या खोलीत बोलावलं. चिमणी दाराला चिकटून उभी राहिली.

“भावानेच गोळी पोचवली!” भाऊजी म्हणाले.

“उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! भाऊ महिनाभर आलाच नाही, भाऊजी. आणि औषध जसंच्या तसं सापडलं, म्हणजे गोळी पोटात गेलीच नाही. थेट बाटलीत पडली. नंतर बाटली सीलबंद झाली, म्हणजे त्याआधी, आत, चिमणी एकटी असताना. नवी पोर गोळी घेऊनही जागी, कारण ती जिभेखाली लपवून ठेवायची. एक तिने हिला दिली.”

“स्वतःच्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?” परिचारिकेने विचारलं.

“उद्या घरी जाणारी मुलगी आज सगळे कपडे भिजवत नाही. निकाल दुपारी आला. हिला सकाळीच ठाऊक होता. बाई, नवीन नियम मुलींना कुणी सांगितला?”

समुपदेशक बाईंचा चेहरा उतरला. “कुणीच नाही.”

चिमणी रडायला लागली. “मला वाटलं, पहिल्यासारखं इथेच ठेवतील. घरी दादा आहे. उशाशी गोळ्या ठेवील तो. इथे नीट झालं की हाकलतात, मग मी काय करू?”

वहिनींना त्या पोरीची दया आली, आणि तिला असा डाव खेळायला लावणाऱ्या सगळ्यांचा रागही.

“उद्या न्यायाधीशांना काय सांगू?” समुपदेशक बाईंनी डोळे पुसत विचारलं.

“हिच्या गोळ्या सुटल्यात आणि हिला राहायला दुसरं घर हवं. दोन्ही एका दमात सांगा, बाई. मध्ये श्वास घेतलात तर पहिलं ऐकूनच ते तिला भावाच्या हवाली करतील.”