रबरी नळी

जुन्या विलायती गाडीचा भाव सांगावा तर फकिरानंच, असं अख्खं नाशिक म्हणतं. म्हणतं म्हणजे मीच म्हणतो. मी सांगितलेल्या भावाला आजवर एकही गाडी विकली गेलेली नाही, हेही लगेच सांगून टाकतो, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण गाड्यांच्या पोटाखाली, आडवं पडून.

गिऱ्हाईक मला सोबत नेतं ते वेगळ्याच कामासाठी. मी गाडीभोवती एक चक्कर मारतो, सीटवर हात ठेवतो, दचकून काढून घेतो आणि मालकाला हळूच विचारतो, "हिच्यात कोणी गेलं होतं का हो?" मालकाचा चेहरा उतरतो आणि मागोमाग भावही उतरतो.

त्या दिवशी दिंडोरीच्या विहंगनं नेलं. बापाच्या द्राक्षबागा आणि पोराला जुन्या गाड्यांचा नाद. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दिवाकर साहेबांचा बंगला. साहेब ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांची ती हिरवी एमजी, दोनच सीटची, तारेच्या चाकांची, मला चांगली ठाऊक होती. रविवारी साहेब आणि मी मिळून तिचं ट्युनिंग करायचो. साहेबांच्या गालात कायम लवंग, माझ्या खिशात कायम काहीतरी उद्योग. एकदा मी त्यांच्या सीटखाली पोरांचं पीं वाजणारं बदक ठेवलं. साहेब बसले, बदक बोंबललं. साहेब शांतपणे म्हणाले, "फकिरा, सस्पेन्शन गेलं वाटतं." असा माणूस.

तो माणूस आता वरच्या खोलीत, गॅरेजच्या बरोब्बर डोक्यावर, पडून होता. झटका आला तेव्हापासून डोळे मिटलेले, बोलणं बंद, नाकातल्या नळीतून अन्न. श्वास तेवढा चालू. डॉक्टर यायचे, मान हलवायचे, जायचे.

दार लतिकावहिनींनी उघडलं. पदर खोचलेला, हात ओले.

"या फकिराभाऊ. भूत आणलंत, की आज नुसतेच आलात?"

"हे काय, आणलंय की." मी विहंगकडे बोट केलं. "द्राक्षांवर पोसलंय."

"काका!" विहंग कळवळला.

वहिनी हसल्या नाहीत. "यांचं बोलणं बंद व्हायच्या आधी एकच म्हणाले. ‘लते, आधी गाडी जाऊ दे, मग मी.’ मी फार दिवस टाळलं. आता नाही टाळणार. भाव तुम्ही ठरवा, मी घासाघीस करायची नाही. पण गाडी आज या घरातून गेली पाहिजे."

यांची कूस बदलायची आहे म्हणत त्या वर गेल्या. गाडीची चावी त्यांच्या कमरेलाच राहिली.

दिवेलागणीची वेळ. गॅरेजचं शटर अर्धं खाली, आत एकच पिवळा दिवा. जुन्या चामड्याचा आणि साचलेल्या पेट्रोलचा वास. विहंग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवत होता. जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी भरलेली असते. इथं सगळीकडे चिकटलं. चासीवरचा नंबरही कागदांशी जुळला.

"अस्सल आहे, काका," तो कुजबुजला. "काढा तुमचं भूत."

"थांब की. आधी इंजिन बघू."

मी बॉनेट उघडलं. या गाडीला कार्ब्युरेटर दोन, माणसाला दोन नाकपुड्या असतात तसे. दोन्ही सारखी हवा ओढतात का, हे कानानं ठरवायचं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. अर्थात इंजिन चालू असताना. बंद इंजिनाला कोण ऐकतं? मी नळी लावली ती विहंगला घाबरवायला. कान लावायचा आणि डोळे मोठे करायचे, बस्स.

कान लावला. डोळे आपोआप मोठे झाले.

आत हवा जात होती... हळू... लांब. मग थांबली. मग बाहेर आली.

इंजिन त्या तोंडानं हवा ओढतं, सोडत नाही. ही सोडत होती. नळीतून कानात ऊब आली. आणि वास... पेट्रोलचा नव्हता. लवंगेचा होता.

दुसऱ्या कार्ब्युरेटरला लावली. तेच. दोघांचा सूर इतका एक, की साहेबांना आणि मला इतक्या रविवारांत कधी जमला नव्हता. बॅटरीकडे पाहिलं. वायरी सोडून बाजूला ठेवलेल्या.

"विहंग... ऐक जरा."

"पुरे काका. माझ्यावर कशाला प्रयोग?"

"शपथ घेतो..."

"तुमच्या शपथेवर मी कळवणला गेलो होतो. गाडीत इंजिनच नव्हतं."

त्याचं बरोबर होतं. माझ्यावर मीही सहसा विश्वास ठेवत नाही. कुठूनतरी वारा शिरत असेल म्हटलं, बघूच. हवेची ओढ बघायची आमची रीत साधी, तोंडावर तळहात दाबायचा. मी दोन्ही तोंडांवर दोन्ही तळहात दाबले.

तळहात आत ओढले गेले. घट्ट.

डोक्यावर खाट करकरली. कोणाच्या तरी घशात खरखर झाली... आणि वहिनींचा आवाज, "अहो! अहो, काय होतंय?"

मी हात झटक्यात काढले. वर एक लांब श्वास आत ओढला गेला. खाली, माझ्या बोटांशी, तोच श्वास, तेवढाच लांब. मग वर शांत झालं. खालीही.

खात्री करायला हात पुन्हा पुढे निघाला होता. मी तो मागे ओढून खिशात घातला.

"साहेबांना त्रास होतोय वाटतं," विहंग म्हणाला. त्याला वरचं ऐकू आलं होतं, खालचं नाही. "उरकू या. गाडी ओढून न्यायला क्रेन कोपऱ्यावर उभी आहे, आणतो." शटरखालून वाकून तो गेला.

वहिनी जिना उतरून आल्या. कपाळावर घाम, हातात चावी.

"वहिनी, गाडी देऊ नका," मी म्हणालो. "इथून हलवूही नका. साहेबांचा..." जन्मभर थापा सरळ बाहेर पडल्या, आणि हे एवढं एक खरं अर्ध्यावर राहिलं.

वहिनींनी माझ्या हातातली नळी घेतली, साहेब गुंडाळायचे तशी नीट गुंडाळली आणि त्यांच्या सीटवर ठेवली. उघड्या बॉनेटवर क्षणभर तळवा टेकवला, तापलेलं कपाळ बघतात तसा.

"ते कुठून श्वास घेतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलंय, फकिराभाऊ. रोज इथं येऊन बसते मी. म्हणून तर इतके दिवस टाळलं. पण मागणं त्यांचं आहे, आणि ते मी आज पुरं करणार." त्यांनी चावी माझ्यापुढे धरली. "तुम्ही एवढंच सांगा. चालू करून नेणार, की ढकलत?"